स्वागताध्यक्षांचे भाषण: तंजावर



 बालवाचनावरच्या या परिषदेला तंजावर हे गाव शोभणारे आहे. इथले मराठा राजे सरफोजी दुसरे यांच्या देवनागरी छापखान्यातून १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ निघाली. तीत इसापाच्या गोष्टी सख्खन पंडितांनी मराठीत आणल्या होत्या.

एकच गोष्ट नाना भाषांत मुलांपुढे ठेवण्याचा उद्योग आज ‘पर्ल्स’ ही आंतरराष्ट्रीय वाचन-चाचणी करते. २००१ पासून दर पाच वर्षांनी चौथीची मुले तोच उतारा आपापल्या शाळेच्या भाषेत वाचतात आणि प्रश्नांची उत्तरे लिहितात. २०२१च्या फेरीत सिंगापूर ५८७ गुणांनी पहिले आले, तर दक्षिण आफ्रिका २८८ वर राहिली. तिथली ८१ टक्के मुले वाचलेले समजून सांगू शकली नाहीत.

आमची तंजावरच्या मराठी घरांतली पोरे घरी मराठी, रस्त्यावर तमिळ बोलतात आणि पुष्कळदा इंग्रजीत शिकतात. त्यामुळे गुणांचे खापर भाषेवर फोडण्याचा मोह आम्हालाही होतो. पण सिंगापूरची मुले इंग्रजीत चाचणी देतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या घरी चिनी, मलाय किंवा तमिळ चालते. दक्षिण आफ्रिकेने तर ११ भाषांत चाचणी घेतली. तेव्हा भाषेचा प्रश्न विचारायलाच हवा, पण तेवढ्यावर सुटका नाही. वर्गात पुस्तके किती, शिकवणाऱ्याला मदत कोणाची, हेही पाहायला हवे.

भारत ‘पर्ल्स’मध्ये नाही. ‘पिसा’ या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २००९च्या विस्तारित फेरीत आमचे तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले, निकाल तळाला लागला आणि पुढच्या फेरीला देशाने पाठ फिरवली. घरच्या घरी मात्र ‘प्रथम’ या संस्थेची ‘असर’ ही वाचन-पाहणी २००५ पासून चालू आहे. कार्यकर्ता दारात बसतो, मुलाच्या हाती एक कागद देतो: अक्षरे, शब्द, परिच्छेद, शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट. २०२२ मध्ये तिसरीच्या अवघ्या २०.५ टक्के मुलांना ती गोष्ट वाचता आली. २०२४ मध्ये हे प्रमाण २७.१ झाले. हीच रीत केनिया, युगांडा, टांझानियात ‘उवेझो’ या उपक्रमाने उचलली. तुलनेचा खरा उपयोग हा: दुसऱ्याकडून चांगली रीत घ्यावी, आपली द्यावी.

दोन दिवस मनमोकळी चर्चा करा. सवड काढून सरस्वती महाल ग्रंथालयही अवश्य पाहा. व्यवस्थेत काही उणे राहिल्यास पोटात घाला.