मोबाईलवरचं गिऱ्हाईक आणि आपली भीड

आज बोलणारा आवाज एकीचा असला तरी बोलणं आम्हा सगळ्यांचं आहे. आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या बाया. शेंगाचटणी, कडक भाकरी आणि गोधड्या हा आमचा माल. आधी आठवडी बाजारात बसायचो, मग प्रदर्शनांत जायला लागलो, आणि आता निम्म्याहून जास्त विक्री मोबाईलवर होते. तुमच्यातल्याही कितीतरी जणी पापड, मसाले, परकर-पोलकी, वापरून झालेलं शिलाई मशीन असं काहीबाही मोबाईलवर विकत असतील. म्हणून आजचा विषय घेतलाय : त्रास देणाऱ्या गिऱ्हाइकाचं काय करायचं?

बाजारात गिऱ्हाईक समोर उभं असतं. ते चिमूटभर चटणी जिभेवर ठेवून बघतं, गोधडीचा टाका ओढून बघतं, आणि पैसे हातात आल्यावरच आपण पिशवी पुढं करतो. मोबाईलवर त्याला माल दिसत नाही आणि आपल्याला माणूस दिसत नाही. म्हणून तिथं गैरसमजही जास्त आणि फसवणूकही जास्त.

यात पैसा जातोच, पण दुसरंही एक जातं. पाचशे रुपये बुडाले की घरातून लगेच ऐकायला येतं, ‘बघ, म्हटलं होतं ना? बास झालं ते मोबाईलचं खूळ.’ पाचशे रुपये चार दिवसांत भरून निघतात. बंद पडलेला धंदा मात्र परत सुरू होत नाही. म्हणून ही काळजी आधीच घ्यायची.

त्रास देणारी गिऱ्हाइकं सगळी एका जातीची नसतात. आम्ही त्यांचे तीन ढीग करतो. पहिला ढीग चिकट गिऱ्हाइकांचा. भाव पाडतात, वीस फोटो मागवतात, उद्या सांगते म्हणतात आणि गायब होतात. दुसरा ढीग नाराज गिऱ्हाइकांचा. त्यांची काहीतरी तक्रार असते, खरी किंवा खोटी. आणि तिसरा ढीग ठगांचा. त्यांना आपली गोधडी नकोच असते, आपलं बँकेतलं खातं हवं असतं. तिघांना एकच औषध चालत नाही. चिकटाला ठग समजून ओरडलात तर गिऱ्हाईक जाईल, आणि ठगाला नाराज गिऱ्हाईक समजून समजूत काढत बसलात तर पैसे जातील.

आधी ठगाचं बोलू

ठग भाव करत नाही. ही त्याची पहिली खूण. जुनं शिलाई मशीन चार हजाराला विकायला काढलं की पाच मिनिटांत फोन येतो, ‘पक्कं, मी घेतो.’ मशीन चालतं का, कुठल्या सालचं आहे, एक शब्द विचारत नाही. बरेचदा सांगतो की मी लष्करात आहे, बदली झालीय, माणूस पाठवून मशीन उचलतो, पैसे आत्ता टाकतो. मग एक क्यूआर कोड पाठवतो आणि म्हणतो, ‘हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.’

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहू द्या. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन पैसे द्यायला लागतो. ज्या क्षणी कुणी म्हणेल ‘पैसे मिळायला पिन टाका’, त्या क्षणी फोन ठेवायचा. विचार करायचा नाही, नमस्कारही करायचा नाही.

दुसरा प्रकार खोट्या स्क्रीनशॉटचा. ‘पैसे पाठवलेत, हा बघा फोटो, पार्सल लगेच सोडा.’ तसा फोटो मोबाईलवर कुणालाही बनवता येतो. आमचा नियम आहे, फोटो म्हणजे पैसे नव्हेत. आपण स्वतः आपलं ॲप उघडून खात्यात रक्कम जमा झालेली बघायची, मगच डबा पिशवीत जाणार.

तिसरा प्रकार जास्त पैशांचा. मोबाईलवर मेसेज येतो, खात्यात दहा हजार जमा. मागोमाग रडवेला फोन, ‘ताई, एक हजार पाठवायचे होते, एक शून्य जास्त पडलं. बायको दवाखान्यात आहे, नऊ हजार परत करा ना.’ तो मेसेज बँकेचा नसतोच, त्याच माणसानं लिहिलेला असतो. नीट बघितलं तर तो साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून आलेला दिसेल. इथंही तेच, आधी खातं बघा. आणि खरंच पैसे आले असतील तरी आपण होऊन परत पाठवू नका. त्याला म्हणा, ‘तुमच्या बँकेत तक्रार द्या, बँक करेल ते मला मान्य आहे.’ खऱ्या माणसाला यात काही अडचण नसते.

तरीही पैसे गेलेच तर रडत बसू नका आणि घरच्यांपासून लपवू नका. १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करा. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन आहे. पैसे ठगाच्या खात्यातून पुढं सरकायच्या आत तक्रार पोचली तर ते थांबवता येण्याची शक्यता असते. म्हणून इथं तासाला नाही, मिनिटाला किंमत आहे. आपल्या बँकेलाही लगेच कळवा.

पार्सल परत आलं तर

आता ठग नसलेल्या गिऱ्हाइकांकडं येऊ. जुन्या जाणत्या बायकांना आठवत असेल, पूर्वी पुस्तकं व्ही.पी.नं यायची. पोस्टमन दारात आला की पैसे भरून पार्सल सोडवायचं. कुणी सोडवलं नाही की ते परत, आणि टपालखर्च पाठवणाऱ्याच्या माथी. आजचं कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे तोच प्रकार. मागवताना हौस असते, पार्सल येईपर्यंत ती उतरते, आणि गिऱ्हाईक कुरिअरवाल्याला सांगतं, ‘मी मागवलंच नाही.’

हिशेब करून बघा. समजा गोधडी अठराशेची आहे आणि तिच्यात आपल्याला पाचशे सुटतात. जायचे कुरिअरचे दीडशे, परत यायचे दीडशे. म्हणजे एक परत आलेलं पार्सल तीनशे रुपये खाऊन जातं. पुढची गोधडी विकून आपण आधी मागचं नुकसान भरत बसतो.

यावरचा उपाय नवा नाही, आपल्याच बाजारातला आहे. विसार. बैलबाजारात विसार दिल्याशिवाय कुणी कुणासाठी बैल धरून ठेवत नाही. मग आपण गोधडी का धरून ठेवायची? कुणी म्हणालं माल बघून पैसे देतो, तर आम्ही जाण्या-येण्याच्या खर्चाइतका विसार आधी घेतो आणि उरलेले पैसे पार्सल हातात पडल्यावर. ज्याला घ्यायचंच आहे तो विसार देतो. जो देत नाही, तो पार्सलही सोडवणार नव्हता.

तक्रार खरी की खोटी?

नाराज गिऱ्हाईक म्हणजे वाईट गिऱ्हाईक, असं धरू नका. डबा फुटून चटणीचं तेल सगळ्या पार्सलला लागलं असेल, तर ते चिडणारच. आपणही चिडलो असतो. कायदाही त्याच्या बाजूनं आहे. ऑनलाईन विक्रीसाठी २०२० साली ग्राहक संरक्षणाचे नियम आले. जो नियमितपणे धंदा म्हणून ऑनलाईन विकतो, त्याला सदोष माल किंवा जाहिरातीत दाखवल्यापेक्षा वेगळा माल परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. त्यामुळं ‘कुठल्याही कारणानं माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी लावून आपण सुटत नाही. तशी पाटी लावूही नका, चांगली गिऱ्हाइकंसुद्धा ती वाचून मागं फिरतात.

पण खोटी तक्रारही असते. लग्नघरात चार दिवस पाहुण्यांना पांघरायला गोधडी वापरायची आणि मग ‘रंग आवडला नाही’ म्हणून परत पाठवायची, असं होतं. साडी विकणाऱ्या मैत्रिणींना तर हे सांगायलाच नको.

म्हणून आम्ही तीन गोष्टी करतो. एक, पार्सल बांधताना मोबाईलवर छोटा व्हिडिओ काढतो. वस्तू दोन्ही बाजूंनी, वजनकाटा आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी, सगळं एका दमात. दोन, गिऱ्हाइकालाही पार्सल उघडताना व्हिडिओ काढायला सांगतो आणि हे पार्सलवर मोठ्या अक्षरात लिहितो. तीन, गोधडीला कोपऱ्यात, अगदी दिसेल अशा जागी, कापडी पट्टी टाचतो. पट्टी काढली तर आवड-निवड म्हणून गोधडी परत नाही. शिवणीत दोष निघाला तर मात्र पट्टी असो नसो, परत घेणार.

आणि फोटो खरा ठेवा. उन्हात काढलेल्या फोटोत लाल रंग केशरी दिसतो. गोधडीची लांबी-रुंदी इंचांत लिहा, चटणी किती तिखट ते लिहा, किती दिवस टिकते ते लिहा. निम्म्या तक्रारी इथंच संपतात.

कुणी सगळ्यांसमोर वाईट लिहिलं तर भांडू नका. एकदाच, थोडक्यात उत्तर द्या : ‘ताई, आपल्याला त्रास झाला त्याचं वाईट वाटलं. फोटो पाठवा, आजच बघतो.’ ते उत्तर त्या ताईपेक्षा वाचणाऱ्या इतर पन्नास जणींसाठी असतं. गिऱ्हाईक असल्याचं भासवून आपल्याच मालाची तारीफ स्वतः लिहू नका, तेही नियमात बसत नाही. आणि रागाच्या भरात गिऱ्हाइकाचा फोटो किंवा नंबर ‘हिच्यापासून सावध’ म्हणून गावभर फिरवू नका. उलट आपल्याच गळ्याशी येईल. आमच्याकडं एक वही आहे, त्यात लिहून ठेवतो. पुढच्या वेळी अशा नावाला आधी पूर्ण पैसे, मग माल.

रात्रीचे मेसेज

हे सांगायला अवघड वाटतं, पण सांगितलं पाहिजे. नंबर धंद्यासाठी दिलेला असतो आणि कुणी रात्री अकराला विचारतं, ‘जेवलीस का?’ गोधडीचा फोटो मागताना तुमचा फोटो मागतं.

धंद्याचा नंबर वेगळा ठेवता आला तर ठेवा. व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲप फुकट आहे, त्यात कामाची वेळ टाकता येते आणि त्या वेळेबाहेर आपोआप उत्तर जातं. आमची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. फोटोच्या जागी आमच्या चेहऱ्याऐवजी चटणीची बरणी आहे. माल न्यायला कुणाला घरी बोलवत नाही, गटाच्या खोलीवर बोलवतो, आणि तिथं एकटी कुणी थांबत नाही.

अशा माणसाला एकदा, स्पष्ट, लिहून सांगा : ‘हा धंद्याचा नंबर आहे. पुन्हा असा मेसेज करू नका.’ मग ब्लॉक करा, पण मेसेज पुसू नका. नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क करणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमाखाली गुन्हा आहे. तुमचं ते एक स्पष्ट ‘नको’ पुढं पुरावा म्हणून उपयोगी पडतं. महिला हेल्पलाईनचा नंबर १८१ आणि तातडीच्या मदतीचा ११२, हे दोन्ही फोनमध्ये आजच साठवून ठेवा.

नियम आधी, माल नंतर

आता मुख्य मुद्दा. हे सगळं कळत असूनही आपण चुकतो कुठं? भिडेत. ‘बिचारी एवढं म्हणते तर पाठवू या.’ ‘ओळखीतली आहे, आधी पैसे कसे मागायचे?’ भीड ही भिकेची बहीण, असं आपल्या आज्या उगाच म्हणत नव्हत्या. बाईनं गोड बोलावं, नाही म्हणू नये, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं असतं की स्वतःच्या कष्टाचे पैसे मागतानाही आवाज खाली जातो.

आम्ही यावर एक युक्ती काढली. नियम कागदावर लिहिले. आधी पैसे किंवा विसार. उधारी नाही. भाव एकच, पाच नग घेतले तर कुरिअर आमचं. तक्रार दोन दिवसांत, व्हिडिओसकट. आमची चूक असेल तर नवा माल किंवा पूर्ण पैसे. त्या कागदाचा फोटो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच बोलण्यात जातो. आणि कुणी आग्रह धरला की आमच्यातली प्रत्येक जण एकच वाक्य बोलते, ‘ताई, माझ्या हातात नाही हो, आमच्या गटाचा नियम आहे.’

‘मी देत नाही’ म्हणायला जीभ अडखळते, ‘आमचा नियम आहे’ म्हणायला अडखळत नाही. गिऱ्हाइकालाही राग येत नाही, कारण तो नियम तिच्या एकटीसाठी केलेला नसतो. तुम्ही एकट्या धंदा करत असाल तरी मुलीला, जावेला, शेजारणीला बरोबर घ्या, नियम ठरवा आणि ‘आमचा नियम’ असंच म्हणा.

चांगली गिऱ्हाइकं जास्त असतात, हेही सांगून ठेवतो. नियम वाचून न कुरकुरता पैसे टाकणारी, चटणी संपली की आपण होऊन फोन करणारी, बहिणीला आपला नंबर देणारी. चार त्रासदायक माणसांपायी त्यांना मुकू नका. दुकान बंद करू नका, फक्त दाराला कडी लावायला शिका.

तुमचे अनुभव आणि प्रश्न केंद्रावर कळवा. मालाचे फोटो कसे काढायचे, यावर पुढं कधीतरी बोलूच.