चौकशीच्या खोलीत प्रश्न कसे विचारायचे?

आजचा भाग जळगाव-धुळ्यातल्या त्या सगळ्यांसाठी, जे नुकतेच तलाठी, पोलीस शिपाई किंवा क्लार्क म्हणून लागलेत, किंवा त्यासाठी अजून अभ्यासिकेत बसलेत. नोकरी मिळवायची कशी यावर ढीगभर व्हिडिओ आहेत. पण नोकरीत विभागीय चौकशी लागली तर तिथं उभं कसं राहायचं, हे फारसं कुणी सांगत नाही.

बरेच जण म्हणतात, "चौकशीत काय व्हायचं ते होऊ दे, मॅटमध्ये बघून घेऊ." मॅट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. 1991 पासून ते राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची प्रकरणं ऐकतंय. आपल्यासाठी खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे धुळेकरांनी कन्नडचा घाट चढायचा आणि जळगावकरांनी अजिंठ्याचा. पण एवढं जाऊनही तिथं साक्षीपुरावा नव्यानं होत नाही. नियम पाळले का, तुमचं म्हणणं ऐकलं का, निष्कर्षाला काही पुरावा तरी होता का, एवढंच तपासतात. चौकशीत जो प्रश्न साक्षीदाराला विचारलाच नाही, तो नंतर कितीही मोठा वकील लावला तरी रेकॉर्डवर येत नाही.

(झेडपीतल्या मंडळींनो, तुमचा रस्ता वेगळा आहे. तुमच्यासाठी मॅट नाही. अपील विभागीय आयुक्तांकडे नाशिकला, पुढे हायकोर्ट. पण खोलीतलं कौशल्य तेच.)

त्या खोलीत असतं कोण? 1979 चे शिस्त व अपील नियम आहेत, त्यानुसार चौकशी अधिकारी, खात्याची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी, आणि ज्याच्यावर आरोप आहेत तो 'अपचारी'. शब्दच असा, की ऐकणाऱ्याला आधीच दोषी वाटावा! त्याच्या मदतीला बचाव सहायक, तोही सरकारी कर्मचारीच. वकील सहसा नाही. म्हणजे दोन्हीकडून लढणारे बहुतेक वेळा कायदा न शिकलेले.

आणि एका बाजूला शिकलेला माणूस असेल तर? मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये नाडकर्णी नावाच्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत हेच झालं. ट्रस्टनं बाजू मांडायला कायद्याचे जाणकार अधिकारी दिले आणि त्यांना मात्र वकील नाकारला. 1982 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, अशी विषम लढत नैसर्गिक न्यायात बसत नाही. आपल्या नियमांतही हे आहे: सादरकर्ता वकील असेल तर तुम्हीही वकील मागू शकता. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

आता मुख्य गोष्ट. एक उदाहरण घेऊ, काल्पनिक आहे. गिरणेच्या पात्रात वाळूचं ट्रॅक्टर पकडलं, आणि तलाठ्यानं ते सोडून दिलं असा आरोप. पुरावा काय, तर पंचनामा. सादरकर्ता फाईलमधून कागद काढतो, चौकशी अधिकारी निशाणी क्रमांक टाकतात, झालं! इथंच दोघंही चुकतात. कागद दाखल होणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. रूपसिंह नेगी नावाच्या बँकेतल्या शिपायाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं 2008 साली हेच ठणकावलं होतं. पोलीस तपासाचे कागद नुसते समोर ठेवले, त्यातला मजकूर साक्षीदारानं सिद्ध केला नाही, तर त्यावर नोकरी घालवता येत नाही.

म्हणून तुम्ही सादरकर्ता असाल तर पंचाला बोलवा. साधं विचारा: तुम्ही कुठे होता, काय पाहिलं, ही सही कुणाची? उत्तर त्याच्या तोंडून येऊ द्या, तुम्ही भरवू नका.

बचावाकडून असाल तर उलटतपासणीत छोटे, बंद प्रश्न. "पंचनामा तुमच्या अक्षरात नाही ना?" "सही तहसीलमध्ये केली ना?" "नदीत तुम्ही उतरला नव्हता ना?" प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही. आणि मग थांबा! चौथा प्रश्न, "मग सही का केली?" हा विचारायचाच नाही. त्यावर तो दहा मिनिटं खुलासा करेल आणि कमावलेलं सगळं जाईल. माझ्या मते हे थांबणंच शिकायला सगळ्यात अवघड. भांडायची सवय असलेल्याला तर फारच.

आणखी एक. फौजदारी खटल्यासारखं इथं 'संशयाचा फायदा' म्हणून सुटता येत नाही. शक्यता कुणाकडे जास्त झुकते, एवढं पुरतं. म्हणून साक्षीदाराला खोटारडा म्हणण्यापेक्षा त्यानं प्रत्यक्ष पाहिलंच नाही, हे दाखवणं जास्त कामाचं. रोजनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा. मागितलेला कागद दिला नसेल तर तसं त्यातच लिहून घ्या.

सराव कसा करायचा? यशदात पुण्याला विभागीय चौकशीचे वर्ग होतात, पण तुमचा नंबर लागेपर्यंत थांबू नका. लॉ कॉलेजची मुलं मूट कोर्ट करतात ना, तसंच चौघांनी बसा. एक पंच, एक सादरकर्ता, एक बचाव सहायक, एक चौकशी अधिकारी. एकच पानाचा पंचनामा घ्या. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना मोजा, उलटतपासणीत 'का' किती वेळा आला. मग भूमिका बदला.

पुढच्या भागात निलंबनावर बोलू. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर काय, हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय.