दोन कर्मे आणि एक ‘टू’

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका म्हणजे पूर्वीचा सुपे तालुका. काळी नदीवर धरण झाले, जुने सुपे गाव जलाशयाखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. पश्चिमेस गोवा, उत्तरेस बेळगाव, आणि १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत सारा जिल्हा मुंबई राज्यात. अशा मुलखातील मूल शाळेत येते तेच कानांत तीन भाषा घेऊन. घरी कोकणी किंवा मराठी, कचेरीत आणि बाजारात कन्नड. इंग्रजी ही त्याची चौथी भाषा, आणि या चौथ्या भाषेतील एक अगदी साधे वाक्य त्याला वर्षानुवर्षे छळते.

ते वाक्य असे : ‘मला पुस्तक दे.’ कोकणीत ‘माका पुस्तक दी’, कन्नडात ‘ननगे पुस्तक कोडु’. देण्याच्या क्रियेत दोन कर्मे असतात, जी वस्तू द्यावयाची ती आणि ज्याला द्यावयाची तो. आपले व्याकरणकार पहिल्यास प्रत्यक्ष कर्म आणि दुसऱ्यास अप्रत्यक्ष कर्म म्हणतात. कन्नड ही द्राविडी कुळातील, मराठी-कोकणी आर्य कुळातील. तरीही या एका बाबतीत तिघींचे एकमत आहे. घेणाऱ्याच्या शब्दाला शेवटी खूण जोडावयाची : ला, का, गे. ही खूण एकदा जोडली की शब्द कोठेही ठेवावा. ‘पुस्तक दे मला’ म्हटले काय आणि ‘दे मला पुस्तक’ म्हटले काय, पुस्तक चुकीच्या हाती जाण्याचे भय नाही.

मग इंग्रजीच्या तासाला हे मूल ‘ला’चा जोडीदार शोधू लागते. कोशात ‘टू’ सापडतो. त्याचे वाक्य तयार होते : ‘गिव्ह टू मी द बुक.’ तीन भाषांचा पुरावा पाठीशी असता त्याने दुसरे काय करावे? त्याला आळशी म्हणून रागे भरणे हा त्याच्यावर अन्यायच होय.

इंग्रजीत घेणारा ओळखावयाचा तो त्याच्या जागेवरून. क्रियापदाच्या पाठोपाठ दोन कर्मे उभी राहिली, तर पहिला घेणारा आणि दुसरी वस्तू : ‘गिव्ह मी द बुक.’ वस्तू आधी सांगितली, तर घेणारा आपली जागा गमावतो आणि तेव्हाच त्याला ‘टू’चा आधार लागतो : ‘गिव्ह द बुक टू मी.’ जागा किंवा ‘टू’, दोहोंपैकी एकच. मुलाने दोन्ही एकदम दिली, येथेच ते चुकले.

ही चूक दर वेळी पाच-दहा गुणांवरच भागते असे नाही. पावसाळ्यात रानातल्या एखाद्या वाडीवरून आजाऱ्याचा निरोप इंग्रजीत जात आहे असे समजावे. ‘सेंड मी द डॉक्टर’ म्हटले तर डॉक्टराने वाडीवर यावयाचे. ‘सेंड मी टू द डॉक्टर’ म्हटले तर आजाऱ्याला उचलून डॉक्टराकडे न्यावयाचे. चिखलातून कोणी चालावयाचे, हे एवढ्याशा ‘टू’ने ठरते.

इंग्रजी मुळापासून अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वी तिच्याही नामांना आपल्या चतुर्थीसारखे प्रत्यय लागत. पुढे ते झिजले आणि त्यांचे ओझे शब्दांच्या क्रमावर पडले. आजचे ‘हिम’ हे त्या जुन्या चतुर्थीचेच रूप, म्हणजे ‘त्याला’. जोयड्याला लागून असलेल्या गोव्यात १५७९ साली थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट येऊन पोहोचला. १६१६ साली मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण छापणारा आणि कोकणीचे व्याकरण लिहिणारा तो हाच. ते व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूर येथे छापले गेले. जोयड्याचे मूल आज ज्या वाटेने चालते आहे तीच वाट तो उलट दिशेने चालला. त्याच्या मातृभाषेतील नामांनी जे प्रत्यय टाकून दिले होते, ते त्याला येथे शब्दाशब्दाला लावावे लागले.

मराठीच्या ‘ला’वरही कामाचा भार फार. माणसाला तोच, गावालाही तोच. ‘शंकरला पार्सल पाठवले’ आणि ‘दांडेलीला पार्सल पाठवले’ या दोन वाक्यांत मराठी कान भेद करीत नाही. इंग्रजी करते. ‘सेंट शंकर द पार्सल’ चालते, ‘सेंट दांडेली द पार्सल’ चालत नाही. शंकर पार्सल हातात घेईल; दांडेली हे नुसते पोहोचण्याचे ठिकाण, म्हणून तेथे ‘टू दांडेली’च हवे. दांडेली म्हणजे तेथील कचेरीतील माणसे असा अर्थ असेल, तर मात्र इंग्रज ते वाक्य खपवून घेतो. सजीव कर्मालाही आपण ‘ला’ लावतो, आणि मग ‘बाळाला आईला दाखव’ असा घोटाळा होतो. कोणी कोणाला पाहावयाचे? अशा वेळी मराठी माणूस मुकाट्याने एक ‘ला’ गाळतो आणि ‘आईला बाळ दाखव’ म्हणतो.

विकत घेणे, करून देणे, शोधून देणे या क्रियांत मराठी ‘माझ्यासाठी’ म्हणते. इंग्रजी तेथेही घेणाऱ्याला पुढे बसविते : ‘बाय मी अ पेन.’ क्रम उलटला तर मात्र ‘टू’ नव्हे, ‘फॉर’. आणि वस्तू नुसत्या ‘इट’ने सांगितली असेल, तर ‘गिव्ह इट टू मी’ हीच बोलण्यातील सरळ रीत.

एवढे पाठ झाल्यावर मूल निर्धास्त होते आणि नेमके तेव्हाच पुन्हा अडखळते. ‘टेल मी’ बरोबर, म्हणून ते ‘से मी’ म्हणते. ‘शो मी’ बरोबर, म्हणून ‘एक्स्प्लेन मी’ म्हणते. दोन्ही चूक. शिक्षक यावर एक आडाखा सांगतात. इंग्रजीतील जुनी, आखूड, घरची क्रियापदे दोन कर्मे शेजारी बसू देतात. लॅटिन-फ्रेंचमधून आलेली भारदस्त क्रियापदे बसू देत नाहीत. ‘एक्स्प्लेन’, ‘डिस्क्राइब’, ‘सजेस्ट’, ‘डोनेट’ ही सारी त्या दुसऱ्या घरातली. आडाखा कामाचा आहे, पण त्यावर फार विसंबू नये. ‘से’ हे अस्सल घरचे असून दोन कर्मे घेत नाही, आणि ‘प्रॉमिस’ हे लॅटिन कुळातले असून खुशाल घेते. असे शब्द जिभेवर बसवून घेण्यावाचून दुसरा उपाय नाही.

त्यांतही ‘एक्स्प्लेन’ आधी बसवावे. ‘मला हे समजावून सांगा’ हे वाक्य वर्गात ज्याला सर्वांत अधिक वेळा लागते, त्याच्याच तोंडून ते सर्वांत अधिक वेळा चुकीचे येते. एवढा वेळ नको म्हणून गाळलेला ‘टू’ येथे हटकून हवा : ‘एक्स्प्लेन इट टू मी, सर.’