शीतपेयांची चढाओढ आणि आमचे कोकम



आमच्या नाटे गावी पाहुण्यास कोकमाचे सरबत देण्याची चाल. परवा एका घरी मात्र आम्हांपुढे थम्स अपचा पेला आला. राग नाही, कुतूहल वाटले. सन १९७७ मध्ये कोका-कोला कंपनी हिंदुस्थान सोडून गेली, त्याच वर्षी पार्ले कंपनीने हे पेय काढले. पुढे पेप्सी आली. १९९३ साली कोका-कोला परतली व तिने पार्लेची थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही नावेच विकत घेतली. मुंबईचे जुने ड्यूक्स १९९४ मध्ये पेप्सीने घेतले. गोल्ड स्पॉट मागे पडले. थम्स अप मात्र टिकले, कारण गिऱ्हाईक त्यास सोडीना. २०२३ पासून रिलायन्सचा कॅम्पा दहा रुपयांत याच रणांगणी उतरला आहे.

या लढाईत चवीहून मोठी गोष्ट म्हणजे दुकानापर्यंतची वाट: बाटल्या भरणारे कारखाने, मालाच्या गाड्या, दुकानदारास दिलेली शीतपेटी. आमच्याकडे रातांबे आहेत, वाट नाही. पहिला पाऊस पडला की निम्मे झाडाखालीच कुजतात. मंडळाच्या तरुणांनी यंदा अमृतकोकम एकाच नावाने भरून राजापूरच्या दुकानांत ठेवावे. पहिल्या खेपेच्या बाटल्यांचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ.