टर्मिनलमध्ये चालतं, मग आयडीईत का नाही?

आज थेट मुद्द्यावर येतो. लिनक्सवर सी प्लस प्लसचा प्रोग्रॅम बिल्ड झालाय, टर्मिनलमधून मस्त चालतोय. एक्लिप्समध्ये रन दाबलं की मात्र एरर: शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही, अशी फाइलच नाही. अरे, फाइल तर डोळ्यांसमोर आहे! टीममधली एक नवी मुलगी यापायी अख्खं उबुंटू परत टाकायला निघाली होती. म्हटलं, थांब गं जरा.

बिल्ड करताना आपण लायब्ररीचा जो पाथ देतो, तो फक्त लिंकरसाठी. प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी शोधणारा गडी वेगळा, लोडर. तो एलडी लायब्ररी पाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघतो, मग एक्झिक्युटेबलमध्येच लिहिलेला रनपाथ, मग सिस्टिमची कॅश आणि नेहमीचे फोल्डर. बास.

आता ते व्हेरिएबल आपण बॅशआरसीमध्ये एक्स्पोर्ट केलेलं असतं. ती फाइल वाचतं कोण? टर्मिनलमधलं बॅश. डेस्कटॉपवरच्या आयकॉनवरून आयडीई उघडलं तर बहुतेक वेळा ती वाटेत येतच नाही. आणि एन्व्हायर्नमेंट जातं आईबापाकडून पोराकडे. आयडीईकडेच नाही, तर त्याने चालवलेल्या प्रोग्रॅमकडे कुठून येणार? खात्री करायचीय? आयडीई बंद करा आणि टर्मिनलमधून उघडा. चाललं, तर चोर सापडला.

झटपट उपाय म्हणजे रन कॉन्फिगरेशनच्या एन्व्हायर्नमेंट टॅबमध्ये ते व्हेरिएबल भरा. पण हे तुमच्याच मशीनपुरतं. मला आवडतो तो रनपाथ: लिंक करताना डॉलर ओरिजिन वापरून सांगायचं, की लायब्ररी एक्झिक्युटेबलच्या शेजारीच शोध. कमांडमध्ये ते सिंगल कोट्समध्ये घाला, नाहीतर शेल डॉलर गिळून टाकतं.

एरर आली तर नशीबच म्हणा. खरी भीती आहे ती एरर न येण्याची. व्हेरिएबलमध्ये जुना फोल्डर आधी असेल, तर त्याच नावाची जुनी लायब्ररी गुपचूप लोड होते आणि उत्तरं चुकतात. आयडीईत डीबग केलेला प्रोग्रॅम आणि टर्मिनलमध्ये चालणारा प्रोग्रॅम वेगवेगळ्या लायब्ररीवर! शंका आली की एलडी डीबग या व्हेरिएबलला लिब्स ही व्हॅल्यू द्या, लोडर कुठे कुठे शोधतोय ते सगळं छापतो. प्रोग्रॅम आधीच चालू असेल, तर प्रॉक फोल्डरमध्ये त्याच्या पीआयडीखालची मॅप्स फाइल उघडा. कुठली लायब्ररी खरोखर लोड झालीय, तिचा पूर्ण पाथ तिथे दिसतो.