मनाच्या श्लोकांची चाल

समर्थ रामदासांचे 205 ‘मनाचे श्लोक’ महाराष्ट्रातील असंख्य घरांत दिवेलागणीला म्हटले गेले. त्यांचे गण पाडून पाहण्याचे श्रम मात्र क्वचितच घेतले गेले. वृत्त भुजंगप्रयात. चरणात अक्षरे 12, म्हणजे लघु-गुरु-गुरु असा ‘य’ गण चार वेळा. प्रत्येक गण लघूवर उचलला जातो आणि दोन गुरूंवर टेकतो. सर्पगतीचे नाव या वृत्तास शोभते ते यामुळे.

समर्थांची योजकता पाहा. अनेक श्लोकांच्या आरंभी येणारे ‘मना’ हे संबोधनच मुळी लघु-गुरु आहे. हाक मारताक्षणीच वृत्त चालू लागते! यमक सर्वत्र सारखे नाही. कुठे चारही चरणांना एकच, कुठे दोन-दोन चरणांची जोडी. काही ठिकाणी तर सलग श्लोकांत चौथा चरण तोच परततो. पाठांतरास याहून मोठा आधार कोणता?

पहिल्याच श्लोकाच्या शेवटच्या चरणात ‘अनंत’ऐवजी ‘आनंत’ असे रूप आहे. दुसऱ्या गणात त्या जागी गुरू हवा, म्हणून ‘अ’ दीर्घ झाला. जुन्या मराठी कवितेत ही मोकळीक सर्रास आढळते. शुद्धलेखनाच्या आवेशात मुलांकडून तेथे ‘अनंत’ म्हणवून घेतले, की शब्द सुधारतो आणि चरण लंगडतो. खात्री करावयाची असल्यास प्रत्येक गणातील पहिल्या गुरूवर टाळी देऊन तो चरण म्हणवून घ्यावा. ‘अनंत’ म्हणताच दुसरी टाळी अधांतरी राहते. मुलाच्या ते आपोआप ध्यानी येते.