चालते म्हणजे सुरक्षित नव्हे
(विद्युत कामगारांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



आजचा विषय आहे जुन्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीची वायरिंग आणि तिचे इन्सुलेशन. विषय किरकोळ वाटेल. पण हे यंत्र घराघरांत पोहोचले ते एका सफाई कामगारामुळे. अमेरिकेत ओहायो राज्यातील कँटन येथे जेम्स मरे स्पँगलर एका दुकानात सफाईचे काम करीत. झाडताना उडणाऱ्या धुळीने त्यांचा दमा बळावे. त्यांनी पंख्याची मोटर, खोके आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र बनवले. १९०८ साली त्याचे पेटंट मिळाले. पुढे हक्क विकले गेले आणि जगभर नाव झाले ते हूवरचे.

या यंत्रातील मोटर सिरीज जातीची. फील्ड व आर्मेचर एकाच वाटेत, मध्ये कॉम्युटेटर आणि कार्बन ब्रश. १९२५ साली मुंबईत १,५०० व्होल्ट डीसीवर विजेची गाडी सुरू झाली, तिच्या मोटरीही याच कुळातल्या. रेल्वे कारखान्यातील आपल्या वाइंडर साथींना ती परकी नाही.

जुन्या मोटरीच्या लीडवर रबर आणि सुती वेष्टण असते. उष्णतेने रबर कडक होते, वाकवताच त्याचा भुगा होतो. ब्रशची कार्बन धूळ फटींत बसते आणि करंटला बॉडीकडे वाट मिळते. अशा अनेक यंत्रांची बॉडी धातूची, वायरी मात्र दोनच, अर्थिंग नाही. तरीही मोटर सुरळीत फिरत राहते. धोका दिसतच नाही, तो मोजावा लागतो.

म्हणून कामाचा क्रम सांभाळावा. आधी प्लग काढावा. उघडण्यापूर्वी जोडण्यांचा नकाशा कागदावर काढावा. फील्डची टोके उलटली तर मोटर उलटी फिरते. जुने वेष्टण अॅस्बेस्टॉसचे असल्याची शंका आली तर ते खरवडू नये. कार्बन धूळ साफ करावी. कॉइल शाबूत असेल तर फक्त लीड बदलाव्यात, सांधे झाळावेत, त्यांवर फायबरग्लासची स्लीव्ह चढवावी. नुसती चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही, ती उष्णतेने सुटते. कॉइल जळली असेल तर वेढे आणि तारेचा गेज नोंदवूनच नवी भरावी, वार्निश देऊन पूर्ण सुकवावी. धातूच्या बॉडीला तिसरी, अर्थिंगची वायर द्यावी.

मग ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडी यांमधील रोध मोजावा. एक मेगओहमपेक्षा कमी आला तर यंत्र जोडू नये. पहिली चाचणी सिरीज बल्ब लावून घ्यावी. अमेरिकन यंत्र १२० व्होल्टचे असते. आपल्या २३० व्होल्टवर ते थेट लावू नये.

साथींनो, ही काळजी दुरुस्त करणाऱ्यापुरती नाही. ओल्या फरशीवर उभे राहून यंत्राचा दांडा धरणारा बहुधा कंत्राटी सफाई कामगार असतो. त्याच्या हाती मेगर नसतो. म्हणून आमची मागणी साधी आहे: डब्यात, फलाटावर, टपाल कार्यालयात वापरायच्या प्रत्येक यंत्राची ठराविक मुदतीने इन्सुलेशन चाचणी व्हावी, चाचणीची तारीख यंत्रावर लिहावी, आणि तारीख नसलेले यंत्र नाकारण्याचा हक्क कामगाराला मिळावा. ज्याच्या हाती कसब आहे, त्याने ही मागणी प्रथम उचलली पाहिजे.